वस्तीकराचं शेत

मार्च संपत आला की चाकणहून आंबेठाणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कारखान्यांच्या दोन भिंतींमधे अडकलेलं एखादं कांद्याचं रान काढणीला येतं. बायका उकिडव्या बसून कांदा उपटतात आणि ओळीनं मांडत जातात. मांडायची रीत ठरलेली आहे. पुढच्या कांद्याची पात मागच्या कांद्याच्या अंगावर पडली पाहिजे, म्हणजे ऊन पातीला लागतं, कांद्याला लागत नाही. दोन-तीन दिवसांत पात सुकते. मग विळा. मान बोटभर ठेवून पात कापायची. बुडाशी कापली तर कांदा चाळीत सडतो, लांब शेपूट ठेवलं तर व्यापारी नाक मुरडतो. हे त्या बाईला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नसतं. काम उक्तं घेतलेलं असतं, हाताबरोबर तोंडही चालू असतं, आणि बोलण्याच्या हेलावरून कळतं की गाव इथलं नाही. परभणी, हिंगोली, धाराशिव, वाशीम, कधी त्याहूनही लांबचं.

संध्याकाळी कांदा चाळीत जातो आणि बाईही चाळीत जाते. कांद्याच्या चाळीला सरकारी अनुदान मिळतं, पण त्याला अटी असतात. तळ जमिनीपासून उचललेला हवा, खालून वारा खेळला पाहिजे, बाजूंना फटी हव्यात. माणसांच्या चाळीला अशी कुठलीच अट नाही. वर पत्रा, खाली दहा बाय दहाची खोली, ओळीच्या टोकाला एक नळ.

रानाचा मालक त्या खोल्यांचाही मालक असू शकतो. या पट्ट्यात तसं नवल नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती दहा लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. तोवर चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले होते. ज्यांची जमीन संपादनात गेली त्यांनी मोबदल्यातून खोल्या बांधल्या. खोल्यांत राहायला आलेली माणसं बहुतेक शेतीतूनच उठून आलेली. राहिलेल्या चार तुकड्यांवर आता पिकवतो एक, मालक दुसरा. देशपातळीवरचं चित्रही फार वेगळं नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच शेतमजुरांचा आकडा शेतकऱ्यांच्या पुढे गेला. साडेचौदा कोटींच्या आसपास मजूर आणि बारा कोटींहून थोडे कमी शेतकरी.

अशा मजुराला सेंद्रिय शेती शिकवून स्वतःच्या पायावर उभं करता येईल का? कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात हा प्रयोग २००१ पासून चालू आहे. आल्बा नावाची संस्था, शंभर एकरांच्या आसपास जमीन, आणि विद्यार्थी म्हणजे दुसऱ्यांच्या मळ्यांत स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस तोडणारे, मुख्यतः मेक्सिकोतून आलेले मजूर. आधी वर्गात शिकायचं: पिकांचं नियोजन, हिशेब, सेंद्रिय प्रमाणपत्राची कागदपत्रं, आणि तेही स्पॅनिशमधून. मग संस्थेच्याच जमिनीतला छोटा तुकडा सवलतीच्या भाड्यानं करायला घ्यायचा. वर्षागणिक तुकडा वाढतो, सवलत कमी होत जाते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर बाहेर पडून आपापली जमीन शोधायची. बहुतेकांची खरी कसोटी तिथेच लागते, कारण त्या खोऱ्यातलं जमिनीचं भाडं डोळे पांढरे करणारं आहे. पीक काढायला येणाऱ्याला जमीन मिळत नाही आणि जमीन असलेल्याला वाकायचं नसतं. सॅलिनास काय, चाकण काय.

वरवर पाहता हा कृषी खात्याचा विषय. एखादी योजना, एखादं शिबिर, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. पण चाकणपासून आळंदी हाकेच्या अंतरावर आहे आणि पलीकडे देहू. या दोन गावांच्या मधे बसून शेत कुणाचं असं विचारलं की तो प्रश्न नुसता तलाठ्याचा राहत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात हाच वाद आहे. गीतेतलं ‘क्षेत्र’ म्हणजे शरीर, आणि ते जाणणारा तो क्षेत्रज्ञ. ज्ञानदेवांनी मात्र क्षेत्र हा शब्द ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे शेत उभं राहिलं, तेही गावगाड्यातलं, वाटेकऱ्यांचं आणि तंट्याचं. हे शेत नक्की कुणाचं यावर वेगवेगळ्या मतांचे लोक भांडतात. एक जण म्हणतो, शेत जीवाचं. प्राण हे त्याचं कूळ. कुळाच्या घरी चार भाऊ राबतात, मन त्यांच्यावर देखरेख करतं आणि इंद्रियांचे बैल रात्रंदिवस विषयांच्या रानात नांगर ओढतात. विहित कर्माचा वाफसा चुकला आणि अन्यायाचं बी पेरलं तर पीक काय येईल, हेही तो सांगतो. तेवढ्यात दुसरा पक्ष उठतो. जीव कसला मालक, तो तर वाटेनं जाता जाता मुक्कामाला उतरलेला वस्तीकर! प्राण हा बलुतेदार, म्हणून तो जागा राहतो. शेत प्रकृतीचं वतन आहे. मग आणखी पक्ष येतात, कुणी संकल्पाचं नाव घेतो, कुणी स्वभावाचं, कुणी काळाचं. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या टीकेत मालक, कूळ, देखरेख करणारा, बलुतेदार आणि वाटसरू अशी सगळी मंडळी एकाच शेताच्या बांधावर उभी आहेत.

रूपक आत्म्याचं आहे हे खरंच. चाकणच्या जमिनीचा निवाडा त्यातून काढायला जाणं हा आगाऊपणा होईल. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. गीतेनं श्रेष्ठ मानला तो क्षेत्र जाणणारा. क्षेत्राचा धनी कोण, खातेदार कोण, याची मातब्बरी तिथे नाही. गाव दप्तरात नेमकं उलट आहे. सातबाऱ्यातला नमुना सात अधिकाराचा आणि नमुना बारा पिकांचा. जुन्या नमुना बारामध्ये ‘जमीन करणाराचे नाव’ असा एक रकाना असायचा. कसणाऱ्याला कागदावर मिळालेली ती जेमतेम दीड इंचाची जागा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद खातेदार स्वतःच मोबाइलवरून करू लागला. कांदा कुठे आहे हे आता उपग्रहाच्या खुणेसह कळतं. तो लावला कुणी, हे विचारायचं कारण उरलेलं नाही.

क्षेत्रज्ञ कुणाला म्हणावं, हा प्रश्न शिक्षणाशी जोडलेला आहे. मजुराला शेती शिकवायची म्हणजे त्याला ती येत नाही असं गृहीत धरल्यासारखं होतं. कांद्याची मान बोटभर ठेवणारीला काय येत नाही? वाफसा कधी आला हे तिला ढेकूळ हातात घेऊन कळतं. तिला जे करायला कधी मिळालेलं नाही ते वेगळंच आहे: यंदा काय लावायचं ते ठरवणं, बी कुठलं आणायचं, किती पैसा कुठे घालायचा, चुकल्यावर पुढच्या हंगामात दुरुस्त करणं. मजुरी म्हणजे दुसऱ्यानं घेतलेल्या निर्णयाला लावलेले हात. प्रशिक्षणाला काही अर्थ असेल तर तो निर्णयाचा सराव देण्यात आहे.

श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी हे ओळखलं होतं. मूळचा गणिताचा माणूस. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, त्यात शिकवणारा आणि शिकणारा अशी वाटणीच ठेवली नाही. ज्यानं त्यानं आपल्या रानात प्रयोग करायचा, निकाल मांडायचा, दुसऱ्यानं तो ताडून पाहायचा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं असा त्यांचा दावा होता, आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तकाचं नावच त्यांच्या श्रद्धेची कबुली देतं. सृष्टीत टंचाई नाही, माणसाच्या समजुतीत आहे. गणितज्ञाची ही आस्तिकता अनेक कीर्तनांपेक्षा भक्कम वाटते. पण त्या हिशेबात एक आकडा धरूनच चालावं लागतं. दहा गुंठे हातात असले पाहिजेत, आणि पुढच्या वर्षीही तेच दहा गुंठे असले पाहिजेत.

इथे गीतेचाच दुसरा धागा येतो, आणि तो जास्त बोचतो. कर्मावर अधिकार, फळावर नाही. टिळकांनी १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध करून याच विचाराला कर्मयोगाची धार लावली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि ती घराघरांत गेली. फळाच्या त्यागाइतकं मराठी मनाला दुसरं काहीच इतकं मनापासून पटलेलं नाही. मात्र उक्त्यावर कांदा काढणाऱ्या बाईच्या बाजूनं हे वाक्य वाचलं तर ते कामाच्या कराराचं कलम वाटतं. कर्म तिचं, फळ मालकाचं. ते आधीच ठरलेलं आहे, त्यागाचा संबंधच येत नाही. जे कधी आपलं नव्हतं ते सोडण्यात कसलं पुण्य? फलत्यागाच्या आधी फळ हातात यावं लागतं, ही साधी गोष्ट कीर्तनात कुणी फारशी सांगत नाही.

तुकोबांच्या चरित्रात मात्र ती आहे. परंपरेनुसार देहूच्या या महाजनाच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पण सगळी नाही. आधी भाऊ कान्होबांशी वाटणी केली, त्यांच्या वाट्याचे निम्मे कागद त्यांना दिले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात टाकले. या कथेतली वाटणी फार महत्त्वाची आहे. कान्होबांच्या वतीनं तुकोबांनी त्याग केला नाही. ऋणकऱ्यांनाही त्यांनी त्यागाचा उपदेश केला नाही. ज्याच्याकडे होतं त्यानं आपल्यापुरतं सोडलं आणि त्यामुळे दुसऱ्याच्या गळ्यातला फास सुटला. वैराग्याचं हे गणित उलट्या दिशेनं मांडलं, म्हणजे उपदेश ऋणकऱ्याला आणि कागद तिजोरीत, की त्याचा रंग लगेच बदलतो.

संतांच्या मांदियाळीतही जमिनीची रेघ ओढलेली दिसते, नीट पाहिलं तर. अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत. त्यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला असं परंपरा सांगते. काम हीच पूजा, याचं उदाहरण म्हणून सावतोबांचं नाव सर्रास घेतलं जातं. राज्याच्या पणन मंडळानं शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांच्या मोहिमेला त्यांचं नाव दिलं, तेही शोभलं. त्याच सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला चोखोबा. तेही कामच करत होते. १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखामेळा तिच्याखाली गेले, असा वृत्तांत आहे. काम दोघांचं, भक्ती दोघांची. सावतोबांना मळा होता. चोखोबा ज्या गावाची भिंत बांधत होते, त्या गावाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती. काम हीच पूजा हे वचन मळ्यात उभं राहून म्हणणं सोपं जातं. भिंतीखालून ते कसं ऐकू येतं?

सेंद्रिय शेती हा प्रश्न आणखी टोकदार करते, कारण सेंद्रिय शेतीला वेळ लागतो. सुभाष पाळेकरांमुळे गावोगाव माहीत झालेलं जीवामृत घ्या. दोनशे लिटरचं निळं पिंप, त्यात दहा किलो शेण, तेवढंच लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तितकंच बेसन, बांधावरची मूठभर माती, वरून पाणी. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तोंडाला गोणपाट बांधायचं. दोन-तीन दिवसांत त्याला एक आंबूस वास सुटतो, वर फेस धरतो, मग ते पाण्याबरोबर एकरभर रानात सोडायचं. पाचशे रुपयांच्या आत बसणारी गोष्ट. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यानं गाय बांधायची कुठे? पिंप ठेवायचं कुठल्या सावलीत? ते एकदा सोडून भागतही नाही. जमिनीचा पोत हळूहळू सुधारतो, गांडुळं परत यायला हंगाम जावे लागतात. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय निकषांनुसार हंगामी पिकांना दोन वर्षांचा आणि फळबागांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरतात. त्या काळात उत्पन्न घटू शकतं आणि भाव मात्र साध्याच मालाचा मिळतो.

उलट बाजूला शेताचा करार असतो वर्षाचा, तोही तोंडी. “यंदा करा, पुढचं पुढं बघू.” निम्म्या वाट्यानं किंवा खंडानं. कागद मागितला की मालकाचा चेहरा बदलतो, कारण कागद झाला की कूळ लागेल ही भीती. ती भीती हवेतून आलेली नाही. १९४८ च्या कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी कसत असलेली असंख्य कुळं जमिनीची मालक झाली. महाराष्ट्राच्या इतिहासातला तो एक न्याय्य दिवस होता. आजचे पुष्कळ खातेदार त्या दिवसानं मालक झालेल्या कुळांचे नातू आहेत. आणि तोच दिवस आठवून नातू आपल्या वाटेकऱ्याचं नाव कुठे लिहू देत नाही. ज्या कायद्यानं कसणाऱ्याला नाव दिलं त्याच्याच धाकानं नंतरचा कसणारा निनावी झाला. कायदा वाईट होता असं यातून निघत नाही. तो १९५७ च्या कुळाला ओळखत होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरणाऱ्याची त्याला कल्पना नव्हती.

मग वाटेकरी रासायनिक खताचं पोतंच फोडणार. शेणखत टाकून माती सुधारायची म्हणजे दोन वर्षांनी जो कुणी ते रान करील त्याच्यासाठी पेरून ठेवायचं. वर्षाच्या बोलीवर सेंद्रिय शेती करणारा माणूस अक्षरशः निष्काम कर्म करतो. त्याच्या कष्टाचं फळ जमिनीतच राहतं, आणि जमीन दुसऱ्याची. गीतेला हेच अपेक्षित होतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं एक हंगाम असं रान करून पाहावं.

पाण्याचाही प्रश्न आहे. इंद्रायणीवर आळंदीला तरंगणारा पांढरा फेस राज्यानं टीव्हीवर पाहिला आहे. त्या पाण्यावर भिजलेल्या मेथीला सेंद्रिय म्हणायचं की नाही, यावर धर्मशास्त्र गप्प आहे.

महाराष्ट्रात यातून वाट काढलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या गोष्टींतून अडचण कुठे आहे तेही दिसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. घरची कोरडवाहू जमीन, पाणी नाही, म्हणून वर्षाचे काही महिने हे कुटुंब साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायचं. रासायनिक भाजीनं नातू आजारी पडला असं त्यांना वाटलं आणि त्यांनी गावठी बियाणं जपायला घेतलं. बाएफ या संस्थेचं प्रशिक्षण मिळालं, शेततळं झालं, पडीक तुकडा लागवडीखाली आला, घरात बियाणं बँक उभी राहिली. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. उसाच्या फडातून बीजमातेपर्यंतचा हा प्रवास विलक्षण आहे. तरी त्यांच्याकडे खडकाळ का होईना, स्वतःची जमीन होती. प्रशिक्षणाचं बी कुठेतरी रुजायला जागा होती.

दुसरं उदाहरण मराठवाड्यातलं, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या खोल्या जिथून भरतात तिथलंच. प्रेमा गोपालन यांनी किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं धाराशिव-लातूरच्या बायकांना एक वेगळीच मागणी करायला शिकवलं. सासरच्या जमिनीतला एक एकर मला करू द्या. सोयाबीन-ऊस तुमच्या रानात, माझ्या एकरात ज्वारी, डाळी, भाज्या, आणि खत घरचं. कोणतं पीक लावायचं ते मी ठरवणार. या ‘एक एकर’ पद्धतीमुळे बायकांच्या हातात निर्णय आला, घरात खायला आलं. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. या बायकांपैकी अनेकींनी तोवर स्वतःला मजूरच म्हटलं होतं. नवऱ्याच्या घरच्या शेतावरही त्या एका अर्थानं वस्तीकरच होत्या. जमीन नावावर झाली नाही. पण एकर तोच राहिला, पुढच्या वर्षीही तोच. सेंद्रिय खताला तेवढी शाश्वती पुरते.

भूमिहीनासाठी सरकारी दार आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाचं. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. त्यांच्या नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, असं ठरलं आहे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. खरेदीची मर्यादा कोरडवाहूला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. म्हणजे गुंठ्याला साडेबारा ते वीस हजार. चाकण पट्ट्यात गुंठ्याचा भाव लाखांतच बोलतात. इथे त्या रकमेत बांधही येणार नाही.

आणि शेतकरी कुणाला म्हणायचं यावर सरकारचं स्वतःचंच एकमत नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतकऱ्याच्या व्याख्येत कुळं, वाटेकरी आणि शेतमजूरही घेतले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार मात्र जमीनधारक कुटुंबालाच. धोरण क्षेत्रज्ञाला शेतकरी म्हणतं आणि पैसा क्षेत्रपतीच्या खात्यात जातो.

जमीन कुणाची यावर प्राचीनांचंही एकमत नव्हतं. मनुस्मृतीत एके ठिकाणी म्हटलं आहे की झाडोरा तोडून ज्यानं रान मोकळं केलं त्याचं शेत. त्याच ग्रंथानं राबणाऱ्या जातींना संपत्तीपासून लांब ठेवलं, आणि १९२७ मध्ये महाडला तो जाळला गेला तो उगीच नाही. पूर्वमीमांसेत अधिक खोल चर्चा आहे. विश्वजित यज्ञात यजमानानं आपलं सर्वस्व दान द्यायचं असतं. मग राजानं भूमीही द्यायची का? जैमिनीचं उत्तर नकारार्थी आहे. भूमी सर्वांना सारखीच, मग ती राजाची एकट्याची कशी? शबरांनी भाष्यात पुढे फोड केली: माणसाचा हक्क शेतावर असतो, पृथ्वीवर नाही. जे आपलं नाही त्याचं दान करता येत नाही. कर्मकांडाच्या सर्वांत रुक्ष शास्त्रात हा विचार निघावा, ही गंमतच आहे.

विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत गेले तेव्हा तिथल्या दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर देऊ केली. पुढची तेरा वर्षं विनोबा जमीन मागत चालले. भूदानात खडकही पुष्कळ आला, कागदावरचं दान कागदावरच राहिलं, यावर टीकाकार बोट ठेवतात आणि ते बरोबरच आहे. पण गीतेवर बोलणाऱ्या माणसाला फलत्यागाचा उपदेश नेमका कुणाला करायचा हे कळलं होतं. ते भूमिहीनांच्या दारात गेले नाहीत, जमीनदारांच्या दारात गेले. आज चाकणमध्ये कुणी दान मागावं असं नाही, आणि कुणी देईल असंही नाही. खातेदाराला पाच वर्षांची लेखी मुदत द्यायला सांगणं, कूळ लागणार नाही अशी हमी कायद्यानं त्याला देणं, आणि त्या पाच वर्षांत मातीत घातलेल्या कष्टाचा मोबदला वाटेकऱ्याला मिळेल अशी तजवीज करणं एवढ्यावरही पुष्कळ सुटेल. नीती आयोगानं २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला, त्याचा रोख याच दिशेला होता. नाहीतर ‘सेंद्रिय उत्पादक’ अशा प्रमाणपत्राची प्रत खिशात घालून प्रशिक्षित माणूस सोमवारी पुन्हा मजूर अड्ड्यावर उभा राहील, फरक इतकाच की आता त्याला जीवामृताचं माप तोंडपाठ असेल.

बाहेरच्याला जमीन कशाला, हा आक्षेप इथे मोठ्यानं बोलला जात नाही, पण असतो. ज्येष्ठ वद्यात तो काही दिवस गायब होतो. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते. मराठवाड्यातल्या दिंड्या शहरात शिरतात, परभणीचा माणूस ‘माऊली’ होतो, स्थानिक त्याच्या पाया पडतात, चहा देतात, पाय चेपतात, ओसरीवर झोपायला जागा करून देतात. त्याच परभणीचा, कदाचित त्याच घरातला दुसरा भाऊ चार महिन्यांनी खोली विचारायला येतो तेव्हा त्याला आधी विचारतात, आधारकार्ड कुठलं, डिपॉझिट किती देणार, माणसं किती राहणार. वारीतला वस्तीकर चालतो, कारण तो उद्या जाणार असतो.

कृषिपंपाची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की कांद्याला पाणी द्यायला वाटेकरी अकराच्या सुमाराला रानात येतो. कानटोपी, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. तो दारं धरतो. एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, मागचं तोंड बुजवायचं, मग पुन्हा थांबायचं. भिंतीपलीकडे तिसऱ्या पाळीचे दिवे लागलेले असतात आणि त्यांचा पांढरा उजेड अर्ध्या रानावर पडतो, त्यामुळे त्या बाजूच्या वाफ्यांना बॅटरी लागत नाही. पहाटे चारला वीज जाते. चार वाफे कोरडे राहतात. त्यांची जागा लक्षात राहावी म्हणून तो बांधावर फावडं उभं रोवतो आणि खोलीकडे चालू लागतो.